छोट्या गावातल्या शाळेच्या शेवटच्या वर्गाने आपलं पुस्तक कसं करावं

वर्गाचं पुस्तक करायचं असेल तर शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच कामाला लागा. परीक्षा झाली की सगळे मोकळे, मग निवांत बसून करू, असं प्रत्येक वर्ग म्हणतो. शेवटचा पेपर झाला की आठवड्याभरात निम्मी मुलं गावात नसतात. कोणी पुढच्या प्रवेशाच्या धावपळीत असतं, कोणी कामाला लागलेलं असतं, कोणाचा फोन नंबरच बदललेला असतो. पुस्तक राहतं ते राहतंच.

मी ज्या शाळेत भाषा शिकवली तिथे प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी होती. शेवटच्या वर्गाची वर्गशिक्षिका म्हणून मुलांबरोबर अशी पुस्तकं करत आले, त्यातून जे उमगलं ते इथे सांगते. मोठ्या शाळेत दर वर्षी तुकड्या बदलतात, चेहरे बदलतात. छोट्या गावात मात्र पहिल्या दिवशी शेजारी रडत बसलेलं पोर शेवटच्या दिवशीही शेजारीच असतं. त्याच्या मोठ्या बहिणीला त्याच बाईंनी शिकवलेलं असतं आणि त्याच्या घरचं भांडण आपल्या घरी जेवताना ऐकलेलं असतं. हे एकत्र वाढणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की त्यात लिहिण्यासारखं काही आहे हेच मुलांच्या ध्यानात येत नाही. मग वर्गाचं पुस्तक म्हणून जे निघतं त्यात मान्यवरांचे शुभसंदेश, चार कविता आणि पहिल्या आलेल्यांचे फोटो असतात. तसलं पुस्तक कुठल्याही शाळेचं नाव घालून चालतं. तुमचं पुस्तक फक्त तुमच्याच वर्गाचं असायला हवं, आणि ते तसं होण्यासाठी दोन गोष्टी मी काही केल्या सोडू देणार नाही. एक, या वर्गात कधीही बसलेलं प्रत्येक मूल त्यात आलं पाहिजे. दोन, प्रत्येकाने आधी एकट्याने लिहिलं पाहिजे.

पहिलं काम हजेरीपटाचं

आज वर्गात कोण आहे त्यावरून यादी करू नका. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन सगळ्यात खालच्या इयत्तेचे जुने हजेरीपट काढा आणि तिथून वर या. जुने हजेरीपट सगळे सापडतीलच असं नाही, पण जे मिळतील त्यातून दर वर्षीची नावं एकाखाली एक लिहा. ही यादी शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा आणि फक्त नावं आणि इयत्ता उतरवा. शाळेच्या दप्तरात जन्मतारखा, पत्ते, घरची माहिती असते. ती तुमच्या वहीत येण्याचं काही कारण नाही.

हे काम एका दुपारात होतं आणि वर्ग त्या दुपारी जेवढा शांत होतो तेवढा परीक्षेतही होत नाही, कारण मधेच संपलेली नावं दिसायला लागतात. वडिलांची बदली झाली म्हणून गेलेला. नापास झाल्यामुळे मागे राहिलेली, आता एका वर्गाने खाली असलेली, रोज जिन्यात भेटणारी. घरच्या कामाला जुंपला गेला म्हणून यायचा थांबलेला. एखादं नाव कायमचंच गेलेलं असतं. कोणीतरी म्हणतं, "अगं, ही होती ना आपल्यात!" आणि मग त्या मुलीबद्दल सगळ्यांना काही ना काही आठवायला लागतं. ही सगळी नावं पुस्तकाच्या यादीत घ्यायची. कोण किती वर्षं होतं याचा हिशेब करायचा नाही. सहा महिने बाकावर बसलेला मुलगाही या वर्गाचाच.

गावात राहिलेल्यांना प्रत्यक्ष जाऊन भेटा, निरोप धाडू नका. बाहेर गेलेल्यांचा पत्ता बहुधा नातेवाइकांकडून लागतो, छोट्या गावाचा हा मोठा फायदा. त्यांना एवढंच सांगायचं, की आम्ही वर्गाचं पुस्तक करतो आहोत, तू आमच्या वर्गातला आहेस, तुझं पान ठेवलंय. शाळा का सोडली हा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. एका वर्गाला अशाच एका मुलीचं पान आलं होतं. शाळा सोडून तिला बरीच वर्षं झाली होती. तिने वर्गाचा आवाज लिहिला होता: सकाळी खिडक्या उघडताना कोणत्या खिडकीची कडी कशी वाजायची, सर जिना चढताना कोणत्या पायरीवर थांबायचे. वर्गात राहिलेल्या कोणालाच ते लिहिता आलं नव्हतं. रोज ऐकणाऱ्यांचं लक्ष त्यावरून उडालेलं होतं, तिच्याकडे मात्र ते जसंच्या तसं शिल्लक होतं.

आधी एकट्याने लिहा

आता मुख्य काम. बहुतेक वर्ग इथे गोल करून बसतात आणि म्हणतात, चला, आठवूया. मजा येते, हशा पिकतो, आणि तासाभराने कागदावर पाहावं तर सगळ्यांना आधीपासून पाठ असलेले पाच-सहा किस्से तेवढे असतात.

याचं कारण मानसशास्त्रात तपासलेलं आहे. वेल्डन आणि बेलिंजर या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिलं, की तीन माणसं एकत्र बसून आठवतात तेव्हा, त्याच संख्येची माणसं वेगवेगळी बसून आठवतात आणि मग त्यांच्या याद्या एकत्र केल्या जातात त्यापेक्षा, कमी आठवतं. नंतरही अनेकांना हेच आढळलं. प्रत्येकाची आठवण्याची आपली एक वाट असते. कोणी जागेवरून आठवतं, कोणी माणसावरून, कोणी ऋतूवरून. दुसरा मधे बोलला की आपली वाट तुटते आणि आपण त्याच्या वाटेने चालायला लागतो. वर्गात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते: ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण वर्गाची आठवण ठरते, आणि मागच्या बाकावरची मुलगी मान डोलावते.

म्हणून एक पूर्ण तास घ्या. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका द्या. बोलायचं नाही, एकमेकांचं पाहायचं नाही, फोन दप्तरात. हाताने लिहायचं. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही आणि गुण कोणी देणार नाही, हे मोठ्याने सांगा, कारण इतक्या वर्षांच्या सवयीने मुलं निबंध लिहायला लागतात. एक तास पुरत नाही असं दिसलं तर पुढच्या आठवड्यात आणखी एक घ्या. दुसऱ्या वेळी नवीनच गोष्टी येतात, कारण मधल्या दिवसांत डोकं आपलं आपण शोधत असतं.

प्रश्न नीट काढा, सगळं यश तिथे आहे. "तुमचा अविस्मरणीय प्रसंग लिहा" हा प्रश्न विचारलात की निरोप समारंभातलं भाषण मिळेल. "शाळेने तुम्हाला काय दिलं" हाही तसाच. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर देताना मुलाला त्या खोलीत जाऊन उभं राहावं लागेल. माझ्या यादीतले काही सांगते. प्रत्येक इयत्तेत तुझ्या शेजारी कोण बसायचं? वर्गाच्या खिडकीतून काय दिसायचं, आणि तास कंटाळवाणा झाला की तू नेमकं कुठे पाहायचास? पाऊस आला की वर्गात पाणी कुठून यायचं? घंटा कोण द्यायचं, आणि ती उशिरा झाली तर तुम्हाला कशावरून कळायचं? मधल्या सुट्टीत तुझी जागा कोणती होती, आणि तिथे दुसरं कोणी बसलं तर काय व्हायचं? कोणाच्या वहीवरून तू उतरवून घेतलंस? तुला पहिल्यांदा कोणी टोपणनाव दिलं? कोणत्या सकाळी शाळेत यायला पाय निघत नव्हता? ऑफ तासाला वर्ग काय करायचा? एखाद्या शिक्षकांचं शिकवण्याशी संबंध नसलेलं कोणतं वाक्य लक्षात राहिलं? तुला आधी न आवडणारं पण पुढे आवडायला लागलेलं मूल कोण, आणि ते कशामुळे?

खालच्या इयत्तांचे प्रश्न आधी ठेवा आणि जास्त ठेवा. याला कारण आहे. वयस्क माणसांना आयुष्याबद्दल विचारलं की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त येतात, असं अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणजे वरच्या वर्गांतलं बरंचसं तुमच्याजवळ पुढेही राहील. पहिली-दुसरीचं मात्र दर वर्षी झिजत जातं. आज त्यातलं जेवढं हाताला लागतंय तेवढं परत लागणार नाही.

लिहिलेले कागद गोळा करून त्यांचे फोटो काढा आणि मूळ कागद एका फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे पुस्तकात काय येईल ते येवो, हे कागद वर्गाचा खरा ठेवा आहेत. गोष्ट तोंडातोंडी फिरायला लागली की बदलते. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालीच दाखवलं होतं, की पुन्हा पुन्हा सांगताना गोष्टीतले विचित्र, न पटणारे तपशील गळत जातात आणि ती सांगणाऱ्याच्या अपेक्षेला जुळेल अशी गुळगुळीत होते. तुम्हाला हवे आहेत ते नेमके तेच विचित्र तपशील.

मग एकत्र बसा

आता गोल करून बसायला हरकत नाही. भिंतीच्या कडेने लांब कागद पसरा, प्रत्येक इयत्तेसाठी एक रकाना आखा. एकेकाने आपल्या कागदावरची एक गोष्ट वाचायची आणि ती कोणत्या रकान्यात जाते ते सगळ्यांनी ठरवायचं. इथे भांडणं होतात, होऊ द्या. छपराचा पत्रा उडाला तो चौथीत की पाचवीत? साल आठवत नसेल तर खोली आठवा. तेव्हा वर्गशिक्षक कोण होते, आपण कोणत्या खोलीत बसायचो, बाकं होती की खाली बसायचो, वर्गात तेव्हा कोण नवीन आलं होतं. या चार खुंट्यांवर जवळजवळ प्रत्येक आठवण टांगता येते. शिवाय शाळेच्या सूचना-वह्या, प्रमाणपत्रांवरच्या तारखा, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, जुन्या वह्यांवर लिहिलेली वर्षं हे पुरावे हाताशी असतात. आईने माळ्यावर ठेवलेलं वह्यांचं गाठोडं या कामात फार उपयोगी पडतं.

दोघांची आठवण जुळत नसेल आणि कागदावर पुरावा नसेल तर दोन्ही छापा. एक म्हणतो सर रागावून गेले, दुसरी म्हणते सर रडत होते म्हणून गेले. वाचणाऱ्याला दोन्ही वाचू द्या. मतदान घेऊन भूतकाळ ठरवू नका.

२०२०च्या रकान्यासाठी वेगळा दिवस ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. त्या साली खालच्या आणि मधल्या इयत्तांत असलेली मुलं आता शाळेच्या शेवटाशी पोचली आहेत. कोरोनाच्या साथीमुळे मार्चपासून देशोदेशीच्या शाळा बंद होत गेल्या आणि एप्रिलपर्यंत युनेस्कोच्या मोजणीप्रमाणे जगभरात १५० कोटींहून अधिक विद्यार्थी शाळेबाहेर होते. म्हणजे तुमच्या वर्गाच्या सामायिक वर्षांत एक काळ असा आहे, की तेव्हा वर्ग एका खोलीत नव्हताच. मुलं तो रकाना कोरा सोडतात, "तेव्हा काही झालंच नाही" म्हणतात. विचारा: शेवटच्या दिवशी फळ्यावर काय लिहिलेलं होतं? दप्तर कुठे पडून होतं? घरात फोन किती होते आणि तो कोणाच्या हातात असायचा? तास चालू असताना मागून कोणाच्या घरचे आवाज यायचे? कोण कधीच दिसलं नाही? परत शाळेत आल्यावर कोण उंच झालं होतं, कोणाचा आवाज फुटला होता, कोणाला वाचायला जड जात होतं, कोण आलंच नाही? हजेरीपटातली काही नावं याच वर्षाशी संपलेली असतील. वर्गाचं पुस्तक करणाऱ्या आजच्या मुलांकडे हा एक विषय असा आहे, की त्यांच्या आधीच्या किंवा नंतरच्या कोणत्याही वर्गाला तो त्यांच्यासारखा लिहिता येणार नाही.

जपून लिहायच्या गोष्टी

छोट्या गावात पुस्तक घरोघर जातं. ते आजी वाचणार, वर्गातल्या मुलीचा काका वाचणार, दहा वर्षांनी कोणाच्या तरी होणाऱ्या सासरी वाचलं जाणार. म्हणून एक नियम पहिल्याच दिवशी घालून घ्या: ज्याची गोष्ट त्यानेच सांगायची. दुसऱ्याचं नापास होणं, दुसऱ्याच्या घरची चणचण, दुसऱ्याचं प्रेम, दुसऱ्याने खाल्लेला मार, यातलं काहीही त्या व्यक्तीने स्वतः लिहिल्याशिवाय किंवा वाचून हो म्हटल्याशिवाय छापायचं नाही. विचारायचं तेही एकट्यात. सगळ्यांसमोर "तुझं चालेल ना रे?" म्हटलं की पोर हसून हो म्हणतं, कारण नाही म्हणायला जास्त धैर्य लागतं. विचारून झाल्यावर आठवडाभराची मुदत द्या, आणि त्यात त्याने शब्द मागे घेतला तर कारण न विचारता तो मजकूर काढून टाका.

टोपणनावांचं खास पाहा. एकच तुकडी असलेल्या शाळेत लहानपणी मिळालेलं नाव शेवटपर्यंत चिकटतं. रंगावरून, शरीरावरून, बोलण्यातल्या अडखळण्यावरून, बापाच्या कामावरून पडलेली नावं वर्गाला प्रेमाची वाटतात. ज्याला पडली त्याला विचारा. एका मुलाने मला सांगितलं होतं, की त्या हाकेला ओ देताना त्याने दर वेळी दात आवळलेले आहेत, आणि वर्गातल्या कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. "ढ" हा शिक्काही तसाच. पहिलीत उशिरा वाचायला शिकलेलं मूल शेवटच्या वर्षीसुद्धा ढ म्हणूनच ओळखलं जातं, मधल्या काळात ते कितीही पुढे गेलेलं असो. पुस्तक करणं ही असे शिक्के तपासून पाहण्याची चांगली संधी आहे. "या मुलाला काय येतं जे तुला येत नाही?" हा प्रश्न प्रत्येकाला प्रत्येकाबद्दल विचारा. उत्तरं वाचताना वर्ग स्वतःलाच नव्याने ओळखायला लागतो, हे मी पाहिलं आहे.

वर्गातलं कोणी वारलं असेल तर आधी घरी जा. दोन-तीन मुलांनी, मोठं माणूस बरोबर घेऊन. पान असावं की नाही हे आईवडिलांनी ठरवायचं. ते हो म्हणाले तर त्या पानावर दुःखाचे शब्द कमी आणि ते मूल जास्त असू द्या: ते कसं धावायचं, कोणता शब्द चुकीचा म्हणायचं, कोणाच्या डब्यात हात घालायचं.

न बोलणाऱ्या मुलांसाठी वेगळा मार्ग लागतो. प्रत्येक वर्गात दोघंतिघं असे असतात की त्यांचा कागद अर्धा कोरा येतो. त्यांना समोर बसवून प्रश्न विचारू नका. त्यांच्याबरोबर शाळेतून घरापर्यंत चाला. शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि वाटेवर बोलणं आपोआप निघतं. घरी पोचल्यावर ऐकलेलं लगेच उतरवा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवा.

शिक्षक, शिपाईमामा आणि स्वच्छता करणाऱ्या मावशी

मुलाखतीला दोघांनी जावं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने रेकॉर्डिंग आणि घड्याळ सांभाळायचं. रेकॉर्ड करू का हे आधी विचारा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पंखा चालत असेल तर फोन त्यापासून लांब ठेवा. हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न टाळा. समोरचं माणूस बोलून थांबलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थोडं गप्प राहा. बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच कामाचं वाक्य येतं.

शिक्षकांना वर्गाबद्दल विचाराल तर ते कौतुक करतील. त्यांना एखादी ठरावीक गोष्ट विचारा: आम्ही पहिल्यांदा तुमच्यासमोर आलो त्या दिवशी वर्ग कसा होता, आमच्यातल्या कोणाबद्दल तुमचा अंदाज बदलला, आमच्यावर चिडून घरी गेल्यावर काय केलंत. घंटा देणाऱ्या मामांकडे आणि वर्ग झाडणाऱ्या मावशींकडे तर जाच. कोणत्या वर्गाच्या बाकाखाली काय सापडतं, कोण सगळ्यात आधी येतं आणि फाटकापाशी का थांबतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

तासाभराचं बोलणं शब्दश: उतरवायला चार ते सहा तास लागतात, म्हणून मुलाखती थोड्या घ्या आणि त्याच आठवड्यात उतरवून काढा.

फोटो आणि नावं

हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली शाळा सोडलेल्या ३९२ जणांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा सोडून तीस वर्षांहून जास्त काळ लोटलेल्यांनाही वर्गमित्रांचे फोटो इतरांच्या फोटोंतून सुमारे ९० टक्के ओळखता आले. फोटो पाहून नाव सांगणं मात्र कितीतरी कठीण गेलं. यातून तुमच्यासाठी कामाची गोष्ट अशी निघते: चेहरे राहतील, नावं जातील. म्हणून प्रत्येक फोटोखाली आजच पूर्ण नावं लिहा, मागची रांग, मधली रांग, पुढची रांग, डावीकडून उजवीकडे. "सगळे मित्र" अशी ओळ लिहिलेला फोटो तुमच्या मुलांना काहीच सांगणार नाही. छापील फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, न दाबता लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो.

जुने फोटो घरोघरून आणाल ते त्याच दिवशी स्कॅन करून परत द्या. आहे त्या आकारात छापायला ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) पुरतं, लहान फोटो मोठा करायचा असेल तर ६००ने स्कॅन करा. फोनवरचे फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवले की आकसतात, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आणि माणसांशिवायचे फोटोही काढा. झिजलेली पायरी, बाकावर कोरलेलं, पाण्याच्या नळांची रांग, सूचनाफलक, सायकली लावायची जागा, तुम्ही प्रत्येकाने ज्या खिडकीबद्दल लिहिलंय ती खिडकी. इमारत पुढे पडेल, रंग बदलेल, बाकं भंगारात जातील.

संपादन आणि छपाई

तिघांची संपादक मंडळी पुरेत, आणि त्यात वर्गात पहिला येणारा असलाच पाहिजे असं नाही. ज्याला दुसऱ्याचं ऐकून घेता येतं तो निवडा. चुका दुरुस्त करा, भाषा करू नका. घरी जशी बोलते तशी कोणी लिहिली असेल तर ती बोली तशीच ठेवा. तिला पुस्तकी केलंत की लिहिणारी मुलगी पानावरून निघून जाते. "अविस्मरणीय", "सोनेरी दिवस", "दुसरं घर" हे शब्द दिसतील तिथे लिहिणाऱ्याला विचारा, म्हणजे नेमकं काय झालं होतं? तो जे तोंडी सांगेल ते छापा. पानं सगळ्यांना सारखी द्या, हुशार आणि बोलक्यांना जास्त नाही.

रचना इयत्तेप्रमाणे ठेवा. शेवटच्या वर्षाला सगळ्यात कमी जागा द्या, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजं असतं आणि मोकळं सोडलं तर तेच अर्धं पुस्तक खाऊन टाकतं.

छपाईचं थोडक्यात. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असावी लागतात, आणि पानं फार झाली की पिना पेलत नाहीत, मग चिकटवलेली किंवा शिवलेली बांधणी करावी लागते. कागद आम्लमुक्त, म्हणजे लवकर पिवळा न पडणारा, मिळाला तर उत्तम. वर्तमानपत्राचा कागद लाकडातल्या लिग्निनमुळे पिवळा पडून तुटतो, म्हणून कात्रणं तशीच चिकटवू नका, त्यांची झेरॉक्स लावा. मूळ प्रतीला सेलोटेप कधीही नको, तिचा डिंक काही वर्षांत डाग पाडतो. पैसे नसतील तर हाताने लिहिलेली एक सुबक प्रत करा आणि तिच्या झेरॉक्स काढा. झेरॉक्सची आणि लेझर प्रिंटरची अक्षरं पाण्याने पसरत नाहीत, साध्या इंकजेटची पुष्कळदा पसरतात.

डिजिटल प्रत तीन ठिकाणी ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर कोणाकडे तरी. एकाच मुलाच्या खात्यावर सगळं ठेवलं आणि ते खातं बंद पडलं की पुस्तक गेलं.

प्रती वाटताना यादीतल्या प्रत्येकाला एक, म्हणजे मधेच गेलेल्यांनाही. ज्यांनी पान दिलं नाही त्यांनाही. बाहेरगावच्या प्रती आधी टपालात टाका, मग वर्गात वाटा. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात नोंद करून द्या, एक गावच्या वाचनालयात. हातांनी लिहिलेले मूळ कागद, रेकॉर्डिंग आणि नावांची यादी यांची पेटी वर्गातल्या दोघांच्या ताब्यात द्या. त्यातला एक गावात राहणार आहे असा पाहा. पेटी कोणाकडे आहे हे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापा, आणि त्याच पानावर दुरुस्त्या कोणाला कळवायच्या तेही. त्या येतीलच. पुस्तक घरी गेलं की आई, मोठा भाऊ, जुन्या बाई वाचतात आणि म्हणतात, हे असं नव्हतं झालं. पहिलं वर्षभर अशी पत्रं आणि निरोप तारीख घालून पेटीत ठेवत जा.